अधिकारी-शिष्यवृत्तीची निवड न्याय्य कशी करावी: समितीवर पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

कॉलेजचा खर्च भरून सैन्यासाठी अधिकारी घडवणाऱ्या शिष्यवृत्तीच्या निवड समितीवर माझं पहिलंच वर्ष होतं, तेव्हा एका अर्जावर मी लिहिलं होतं, "नेतृत्वाचा अनुभव दिसत नाही." 10 पैकी 2 गुण दिले. अर्जातला 'पदे व पुरस्कार' हा रकाना कोरा होता, आणि मला दिवसभरात 60 अर्ज संपवायचे होते. संध्याकाळी फाइली बांधताना त्याच मुलाचा निबंध हाताला लागला. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, धाकटी दोन भावंडं, आणि हा रात्री गोदामात माल चढवायच्या कामावर. सतराव्या वर्षी सहा जणांच्या पाळीचा मुकादम. कोण दमलंय, कोणाला आज जड काम द्यायचं नाही, हे तो कसं ठरवतो ते त्याने चार ओळींत लिहिलं होतं. त्या चार ओळींत जे होतं ते शिकवायला सैन्याला एरवी वर्ष लागतं. पण यादीवर सह्या झाल्या होत्या.

मी 14 वर्षं गणवेशात काढली आणि त्यानंतर 7 वर्षं अशा समितीवर होते. कोणत्या मंडळावर ते सांगणार नाही. फाइलींच्या गोपनीयतेवर सही केली आहे आणि ती मी पाळते. काम कसं करायचं ते मात्र सांगता येतं. हे लिखाण तुमच्यासाठी आहे, म्हणजे ज्यांच्या पुढ्यात येत्या हंगामात पहिल्यांदा अर्जांचा गठ्ठा येणार आहे त्यांच्यासाठी.

आधी हे ठरवा की तुम्ही काय वाटताय

ही शिष्यवृत्ती हुशारीचं बक्षीस नव्हे. तिच्या बदल्यात सेवा द्यावी लागते. अमेरिकेत कॉलेजमधून अधिकारी घडवणारी आरओटीसी ही योजना 1916 च्या कायद्याने उभी राहिली. तिला आजच्यासारख्या शिष्यवृत्त्या जोडल्या त्या 1964 च्या कायद्याने, आणि शिष्यवृत्ती घेणाऱ्यावर एकूण आठ वर्षांच्या सेवेचं बंधन येतं, काही वर्षं पूर्णवेळ, बाकीची राखीव दलात. इतरत्र वर्षं वेगळी असतील, पण व्यवहार हाच. आज तुम्ही ज्या अठरा वर्षांच्या पोरीच्या नावापुढे खूण करताय, ती बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी तीसेक जवानांना आज्ञा देणार आहे. त्यांच्यात तिच्या वडिलांच्या वयाचा हवालदार असेल.

म्हणून विविधता हा शोभेचा विषय नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्यात कृष्णवर्णीय जवान पुष्कळ होते आणि कृष्णवर्णीय अधिकारी अगदी थोडे. आपल्यासारखं कोणीच वर बसलेलं नाही हे ज्या जवानाला रोज दिसतं, त्याचा वरच्यांवरचा विश्वास हळूहळू विरतो, आणि त्या काळात बराकींमध्ये, जहाजांवर वर्णावरून दंगली झाल्या. हा अनुभव अंगावर घेतलेल्या अनेक निवृत्त सेनाधिकाऱ्यांनी 2003 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निवेदन दिलं होतं: अधिकारीवर्ग वेगवेगळ्या समाजांतून आला नाही तर सैन्य एकसंध राहत नाही. मला हे पटतं ते कागदावरून नाही. माझ्या पहिल्या तुकडीत एक जवान होता, जो इतर कोणालाही घरची अडचण सांगायचा नाही. मी त्याच्या बोलीत बोलले आणि रजेचा अर्ज बाहेर आला. त्याला रजा वेळेवर मिळाली एवढंच. पण पलटणीत 'एवढंच' फार असतं.

आता कायदा. तो देशागणिक वेगळा आहे आणि बदलतोही. अमेरिकेतच पाहा. जून 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉलेजप्रवेशात वर्णाचा विचार करायला मनाई केली, पण लष्करी अकादमींचा प्रश्न एका तळटीपेत बाजूला ठेवला. पुढे जानेवारी 2025 मधल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने सैन्यात वर्ण किंवा लिंग पाहून प्राधान्य देणं बंद केलं. दुसऱ्या एखाद्या देशात राखीव जागा कायद्यानेच असतील. तुम्हाला हे आवडो न आवडो, पहिल्या बैठकीआधी एका पानावर लिहून काढा: आमच्याकडे आज काय करायला बंदी आहे, काय करणं बंधनकारक आहे. ते पान कायदा कळणाऱ्याकडून तपासून घ्या आणि प्रत्येक सदस्याला द्या. पुढे मी जे सांगणार आहे त्यातलं जवळपास सगळं उमेदवाराची जात, वर्ण, लिंग पाहून गुण वाढवण्याबद्दल नाहीच. आपल्या मोजपट्टीत कुठे वाक आलाय ते शोधण्याबद्दल आहे, आणि त्याला कुठलाही कायदा आडवा येत नाही.

कोणाचे अर्ज आलेच नाहीत ते मोजा

नव्या समित्या निवड झालेल्यांची यादी घेऊन बसतात आणि तीत कोण किती ते मोजतात. त्याआधी अर्जांची यादी घ्या. मागच्या तीन वर्षांत कुठल्या शाळांमधून अर्ज आले ते कागदावर मांडा. आमच्याकडे हे केलं तेव्हा तीच तीच नावं पुन्हा पुन्हा आली. त्या शाळांमध्ये विशेष काय होतं? एक शिक्षक, ज्याला मुदतीची तारीख पाठ होती. बाकी शाळांत मुलं होती, इच्छा होती, फक्त तो एक माणूस नव्हता.

"त्यांना रसच नसतो" असं समितीत कोणीतरी म्हणेलच. माझ्यासमोर ते मुलींबद्दल म्हटलं गेलं आहे. भारतात ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा मुलींना खुली झाली. पहिल्याच परीक्षेला पावणेदोन लाखांहून जास्त मुलींनी अर्ज केले. जागा होत्या 19. दार बंद असताना बाहेर किती जणी उभ्या आहेत हे आतून दिसत नाही.

या टप्प्यावर करायची कामं साधी आहेत, पण कोणाला तरी नेमून द्यावी लागतात. जिथून कधीच अर्ज आला नाही अशा शाळांची यादी करा आणि तिथे माणूस पाठवा. पत्रक पाठवून भागत नाही. जाणारी व्यक्ती शक्यतो तिशीच्या आतली, नुकती कमिशन (म्हणजे अधिकारीपद) मिळालेली असावी, आणि तिने पगार, सुट्ट्या, भीती, सगळ्याबद्दल खरं बोलावं. अर्जाची भाषा सोपी करा. आणि पैसे. वैद्यकीय तपासणीचा खर्च, कागदांच्या प्रती, मुलाखतीच्या गावचा प्रवास, बुडालेला रोज. बहुतेक योजनांत हा खर्च "नंतर परत मिळेल" असतो. ज्याच्या खिशात आज भाडं नाही त्याला नंतरचा पैसा आज उपयोगी पडत नाही. भाडं आगाऊ द्या. आम्ही हा बदल केला तेव्हा हिशेब विभाग नाराज होता. ठिकाण दोन दिवसांच्या अंतरावर असलेल्या मुली त्याच वर्षी पहिल्यांदा मुलाखतीला आल्या.

रकाना काय विचारतो ते पाहा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. निवडीतला बराचसा अन्याय छापील अर्जात आधीच बसलेला असतो, आणि तो छापील असल्यामुळे कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

फ्रान्समध्ये 1781 च्या हुकमाने अधिकारी होऊ पाहणाऱ्याला चार पिढ्यांचं उमरावपण सिद्ध करावं लागायचं. ब्रिटिश पायदळात आणि घोडदळात हुद्दे चक्क विकत मिळायचे. ती पद्धत 1871 मध्ये बंद झाली. 1857 नंतर इंग्रजांनी काही जाती 'लढाऊ' ठरवल्या, आणि ज्या महार शिपायांची नावं कोरेगावच्या जयस्तंभावर कोरली होती त्यांच्याच पुढच्या पिढ्यांना 1890 च्या दशकात भरती बंद केली. महार रेजिमेंट उभी राहायला 1941 उजाडावं लागलं. त्या त्या काळच्या प्रामाणिक अधिकाऱ्यांना हे निकष योग्यच वाटत होते. आज पणजोबांची कागदपत्रं कोणी मागत नाही. पण 'घोडेस्वारी, नौकानयन, वादविवाद, साहस शिबिर' असा रकाना असला आणि त्याला 20 गुण असले, तर घरची ऐपत विचारून झालेलीच असते.

परीक्षेचंही तेच. 1917 मध्ये अमेरिकी सैन्याने भरती झालेल्यांची बुद्धी मोजायला 'आर्मी अल्फा' चाचणी आणली. अल्फा आणि निरक्षरांसाठीची बीटा मिळून सुमारे 17 लाख लोक तपासले गेले. तीत बेसबॉल खेळाडू कोण आणि बाजारातला अमुक माल म्हणजे औषध, दंतमंजन की खायचा पदार्थ, असे प्रश्न होते. नुकतेच बोटीतून उतरलेले लोक त्यात मागे पडले आणि ते मंदबुद्धी आहेत असा निष्कर्ष काढला गेला. तुमच्या सामान्यज्ञानाच्या पेपरातला प्रत्येक प्रश्न घ्या आणि विचारा: हे माहीत नसेल तर माणूस पलटण चालवू शकणार नाही का? उत्तर 'चालवेल की' असेल तर प्रश्न काढा.

आम्ही 'पदे व पुरस्कार' हा रकाना काढून टाकला आणि त्याच्या जागी तीन प्रश्न ठेवले. गेल्या दोन वर्षांत तुमच्यावर कोण अवलंबून होतं आणि कशासाठी? तुम्ही चुकला असता तर कोणाचं काय नुकसान झालं असतं? ज्याला तुमचं ऐकणं बंधनकारक नव्हतं अशा कोणाकडून तुम्ही काम करून घेतलं, ते कसं? शाळेच्या कप्तानालाही या प्रश्नांत उत्तम लिहिता येतं, त्याचं काही हिरावलं जात नाही. पण आता गोदामातला मुकादमही लिहू शकतो. आजोबांना दर आठवड्याला डायलिसिसला नेणारी मुलगीही लिहू शकते. शेजारी आठवड्यातले कामाचे तास आणि घरकामाचे तास असे दोन आकडे मागा. 25 तास राबून 75 टक्के मिळवणं आणि शिकवणी लावून 85 मिळवणं यांतलं अंतर वाटतं तेवढं नसतं.

अमेरिकेच्या लष्करी आरओटीसीत 'विद्यार्थी, खेळाडू, नेता' अशी तीन अंगं पाहतात. विभागणी मला मान्य आहे, फक्त प्रत्येक अंगाचा पुरावा कुठल्या रूपात येईल याची यादी लांब ठेवा. टक्केवारीसोबत शाळेतला क्रमांक बघा. जो वरच्या पातळीचा गणिताचा वर्ग शाळेत नव्हताच, तो घेतला नाही म्हणून गुण कापू नका. यासाठी प्रत्येक फाइलीला शाळेची अर्ध्या पानाची माहिती जोडावी लागते. एकदा बनवली की पुढच्या वर्षी फक्त सुधारायची असते.

शिफारसपत्रं: क्रियापदांखाली रेघ

शिफारसपत्र वाचताना मी पेन्सिल घेऊन फक्त क्रियापदांखाली रेघ मारते. 'मनमिळाऊ', 'शिस्तप्रिय', 'तडफदार' ही विशेषणं लिहिणाऱ्याच्या डोळ्यांत असतात. मुलींच्या पत्रांत 'कष्टाळू' आणि 'गोड स्वभावाची' असतं, मुलांच्या पत्रांत 'जन्मजात नेता'. ठाम मुलगी असली तर 'थोडी हट्टी'. 'पूर आला तेव्हा तिने वसतिगृहातल्या मुलींना वरच्या मजल्यावर हलवलं, नावं लिहून घेतली, दोघी कमी आहेत हे ओळखलं.' यात हलवलं, लिहून घेतली, ओळखलं. एवढ्यावर गुण द्या. क्रियापदच नसेल तर पत्र कितीही मोठ्या माणसाचं असो, शून्य माहिती समजा. उणे गुण मात्र देऊ नका, कारण चांगलं पत्र लिहिता येणारा शिक्षक मिळणं हे उमेदवाराच्या हातात नसतं. त्याहून बरं म्हणजे शिक्षकांना कोरं पत्र मागूच नका, चार प्रश्न पाठवा.

जुन्या नोंदी किती फसवतात याचं माझ्या पाहण्यातलं सर्वांत मोठं उदाहरण भारतीय सैन्यातलं आहे, आणि ते प्रत्येक समितीने समजून घ्यावं. फेब्रुवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांपुरती नव्हे तर निवृत्तीपर्यंतची नेमणूक, द्यायला सांगितलं. सैन्याने निवड केली, निकष सगळ्यांना सारखे लावले, तरी अनेक जणी बाहेर राहिल्या आणि प्रकरण पुन्हा न्यायालयात गेलं. 25 मार्च 2021 च्या निकालात कारण सापडतं. या स्त्रियांना कायम कमिशन मिळणारच नाही हे पूर्वी सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे वरिष्ठांनी त्यांचे गोपनीय अहवाल वर्षानुवर्षं निष्काळजीपणे भरले होते. आता त्याच अहवालांवर निवड चालली होती. शारीरिक क्षमतेची अटही तशीच: पुरुष अधिकाऱ्यांची तपासणी सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी झाली होती, या स्त्रियांची चाळिशी-पन्नाशीत. नियम अक्षरशः एक, मोजण्याची वेळ वेगळी. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं.

मी हा निकाल वाचला तेव्हा आमच्या फाइलींकडे नव्याने पाहिलं. एखाद्या शाळेतून कधीच कोणाची निवड झालेली नसेल, तर तिथला शिक्षक पत्र कशाला मन लावून लिहील? त्या पत्राचा कोरडेपणा उमेदवाराच्या खात्यात लिहायचा का?

आधी गुण, मग चर्चा

1920 मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य हे गुण वेगवेगळे द्यायचे होते, पण ते एकमेकांशी संशय यावा इतके जुळत होते. उंचापुरा माणूस हुशारही ठरत होता आणि सच्चाही. तुम्ही-आम्ही यातून सुटलेलो नाही. म्हणून रीत अशी ठेवावी लागते की मनाला तशी सवलतच मिळू नये.

1942 मध्ये ब्रिटिश सैन्याचे ॲडज्युटंट जनरल (मनुष्यबळ सांभाळणारे वरिष्ठ अधिकारी) रोनाल्ड ॲडम यांनी नवी निवड मंडळं सुरू केली, कारण छोट्याशा मुलाखतीवर आणि शाळेच्या नावावर निवडलेले कितीतरी जण प्रशिक्षणात नापास होऊन परत येत होते. मानसोपचारतज्ज्ञ विल्फ्रेड बायन यांची नेता न नेमता गटाला काम देण्याची चाचणी त्याच मंडळांतली. भारतातली सेवा निवड मंडळं त्याच वळणावर उभी आहेत: मुलाखत घेणारा अधिकारी, गटचाचणी घेणारा अधिकारी आणि मानसशास्त्रज्ञ, तिघं तेच 15 अधिकारीगुण वेगवेगळ्या वाटांनी तपासतात, आणि शेवटच्या परिषदेपर्यंत आपसांत बोलत नाहीत. मनसा, वाचा, कर्मणा असं तिथले लोक म्हणतात: मनात काय, बोलण्यात काय, करण्यात काय. तिघांच्या स्वतंत्र नोंदी जुळल्या तरच त्या जुळण्याला किंमत.

तुमच्या समितीत तिघं असोत की सात, प्रत्येकाने आपल्या तक्त्यात गुण भरून, सही करून, पाकीट बंद करून मगच तोंड उघडायचं. आमच्याकडे हे नव्हतं तेव्हा एका बैठकीत अध्यक्ष एका अर्जावर म्हणाले, "हा मुलगा म्हणजे विशीतला मीच." त्यात वाईट हेतू मुळीच नव्हता. त्यानंतर टेबलावरच्या प्रत्येकाने, मीही, पेन्सिलीने लिहिलेला आकडा एकेकाने वाढवला. पुढच्या वर्षीपासून आम्ही पाकिटं आणली आणि बोलायची पाळी सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून सुरू केली. अध्यक्ष सर्वांत शेवटी.

गुणांच्या आकड्यांना अर्थ आधीच लिहून ठेवा. 'जबाबदारी' या निकषाला आमच्याकडे 1 म्हणजे दिलेलं काम सांगितल्यावर केलं, 3 म्हणजे न सांगता दीर्घकाळ एखादं काम सांभाळलं, 5 म्हणजे दुसऱ्यांचं भलं-बुरं ज्यावर ठरतं असं काम संकटातही सोडलं नाही. प्रत्येक आकड्याशेजारी अर्जातलं एक वाक्य उतरवायचं. वाक्य सापडत नसेल तर तो आकडा तुम्ही फाइलीतून काढलेला नाही. दोन सदस्यांत दोनपेक्षा जास्त फरक पडला तर सरासरी काढून मोकळे होऊ नका. दोघांनी आपापली वाक्यं वाचून दाखवावीत. निम्म्या वेळा एकाने पान उलटलेलंच नसतं.

मुलाखत

1955 मध्ये इस्रायली सैन्यात डॅनियल कानेमन या 21 वर्षांच्या लेफ्टनंटकडे भरतीच्या मुलाखती सुधारायचं काम आलं. (पुढे 2002 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) त्यांनी सहा गुणवैशिष्ट्यं ठरवली, प्रत्येकासाठी आयुष्यात प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींचे प्रश्न दिले आणि एकाचा आकडा लिहिल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही असा नियम केला. मुलाखत घेणारे चिडले, आम्हाला यंत्र बनवताय म्हणाले. तेव्हा त्यांनी शेवटी एक सोय ठेवली: सगळे आकडे लिहून झाले की डोळे मिटा, हा माणूस सैनिक म्हणून कसा असेल ते मनाशी आणा आणि एक आकडा द्या. गंमत म्हणजे तो शेवटचा आकडाही उपयोगी ठरला, कारण तो तपशील गोळा झाल्यानंतर आला होता. अंतःप्रेरणेला माझा विरोध नाही. तिची पाळी शेवटी यावी.

सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, तेवढ्याच वेळात. "सैन्यातच का?" हा आवडता प्रश्न मी काढून टाकायला लावला. अधिकाऱ्यांच्या घरातली मुलं यावर पाच मिनिटं सुरेख बोलतात, त्यांनी जेवणाच्या टेबलावर हेच ऐकलेलं असतं. जिच्या घरात कोणी गणवेश पाहिलेला नाही ती म्हणते, "नोकरी पक्की असते आणि मला ते आवडतं", आणि खोलीत एक थंड शांतता पसरते. खरं तर दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक असू शकतं. त्याऐवजी विचारा: "तुम्ही घेतलेला एखादा निर्णय सांगा जो जवळच्या माणसाला आवडला नाही. मग काय झालं?" आणि गप्प बसा. पंधरा सेकंद गप्प बसायला शिका. परक्या भाषेत उत्तर जुळवणाऱ्याला तेवढा वेळ लागतो, आणि उच्चारांना गुण नाहीत हे तक्त्यावरच छापा.

लग्न, मुलंबाळं, 'घरचे पाठवतील का' हे प्रश्न कोणालाच विचारायचे नाहीत. "मुलांनाही विचारतो की" ही सबब ऐकू नका. मुलाच्या उत्तरावरून कोणी त्याचे गुण कापत नाही. वडील सैन्यात होते, याचे अधिक गुण नाहीत आणि उणेही नाहीत.

धावणं, पुश-अप वगैरेची चाचणी ठरल्या मापाने व्हावी. माप सैल करू नका, ते मुलांच्याच जिवावर येतं. पण एकाने आखीव मैदानावर मैल धावायचा आणि दुसरीने चढाच्या रस्त्यावर, असं नको. एक सराव-संधी सगळ्यांना द्या. वैद्यकीय नकाराचं कारण लेखी द्या, अपिलाची मुदत द्या.

यादी झाल्यावर

बरोबरीत आलेल्यांमध्ये काय पाहायचं हा नियम अर्ज उघडण्याआधी लिहिलेला असावा. नंतर सुचलेला नियम नेहमी कोणा एकासाठी सुचलेला असतो.

मग टप्प्यांची मोजणी करा: अर्ज किती, छाननीत किती, मुलाखतीला किती, निवड किती, आणि प्रत्येक टप्प्यावर कुठल्या गटातले किती गळाले. एखाद्या टप्प्यावर एकाच प्रकारची मुलं जास्त गळत असतील तर तो टप्पा पुढच्या वर्षासाठी उघडून पाहा. यंदाच्या यादीत मात्र गुपचूप हात घालू नका. याबाबत मी ठाम आहे, आणि त्याला कारण आहे. माझ्या तुकडीत मी एकटीच बाई होते. निवडीचे निकष कधी जाहीर झाले नव्हते, म्हणून जो तो मनाला येईल तो अंदाज करायचा, आणि मी केलेल्या प्रत्येक चुकीत लोकांना तो अंदाज खरा दिसायचा. माझे गुण यादीत वरून तिसरे होते हे मला स्वतःला नऊ वर्षांनी कळलं. निकष, त्यांचं वजन आणि शेवटच्या निवडलेल्याचे गुण जाहीर करा. निवडलेल्या मुलांवर तुमचे एवढे उपकार पुरेत.

करारावर सही घेण्याआधी घरच्यांसमोर, त्यांच्या भाषेत, परतफेडीचं कलम मोठ्याने वाचा. अमेरिकेत चार वर्षांची शिष्यवृत्ती मिळालेल्याला पहिल्या वर्षात बंधनाशिवाय बाहेर पडता येतं. तुमच्याकडे अशी मुभा असेल तर ती सांगा, नसेल तर तेही सांगा. फी भरली जाते पण पहिल्या महिन्याचं जेवण, बूट, चष्मा यांचं काय, हे विचारा. ज्यांना तुम्ही इतक्या कष्टाने शोधून आणलं, ती मुलं पहिल्या सहा महिन्यांत याच कारणांनी गळतात.

राहिलं नकाराचं पत्र. गोदामातल्या त्या मुलाला आमच्याकडून एका ओळीचं छापील पत्र गेलं होतं. त्याने पुन्हा अर्ज केला नाही. आता जे पत्र जातं त्यात तीन गोष्टी असतात: कुठल्या निकषात गुण कमी पडले, कुठल्या निकषात ते चांगले होते, आणि पुन्हा अर्ज कधी करता येईल, तारखेसह. मसुदा मी लिहिला होता, तो हवा तर वापरा: "जबाबदारी या निकषात तुम्हाला 5 पैकी 4 गुण आहेत. गणितात 2 आहेत. पुढच्या वर्षीचे अर्ज या तारखेला सुरू होतील. गणिताच्या तयारीसाठी या क्रमांकावर फोन करा." खाली दिलेला फोन कामाच्या वेळेनंतरही दोन तास कोणीतरी उचलेल अशी सोय करा, कारण ही मुलं दिवसा कामावर असतात.